लिनक्सवर चालतं, मॅकवर अडकतं, विंडोजवर कोसळतं: बफरच्या आकाराचे बग

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मधलं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर स्कॅन केलेल्या कागदपत्रांची यादी बनवून एका इंडेक्स फाइलमध्ये ठेवतं; प्रत्येक नोंदीचं स्ट्रक्ट (एका नोंदीची सगळी माहिती एकत्र ठेवणारी रचना) त्यात जसंच्या तसं लिहिलं जातं. लिनक्स आणि मॅकवर ते एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम चालवून त्याचं आउटपुट पाइपमधून (दोन प्रोग्रॅममध्ये माहिती नेणाऱ्या नळीतून) वाचतं. विंडोजवर तेच काम थेट डीएलएलमधून, म्हणजे प्रोग्रॅममध्येच जोडलेल्या लायब्ररीतून होतं. लिनक्सवर सगळं सुरळीत आहे. मॅकवर मोठं फोल्डर दिलं की कधीकधी हँग होतं. विंडोजवर फोल्डरचं नाव मराठीत असलं की क्रॅश होतं. वैतागून टीममधल्या एकाने सगळे बफर (माहिती तात्पुरती ठेवायची मेमरीतली जागा) वाढवून एक-एक एमबीचे केले. विंडोजचा क्रॅश थांबला, मॅकचं हँग होणं तसंच राहिलं आणि मॅकवर एक नवाच क्रॅश सुरू झाला. आता प्रत्येक ओएससाठी इफडेफ (ओएसनुसार वेगळा कोड निवडायची सोय) लावून वेगवेगळे आकडे ठेवावेत का, आणि कुठे किती ठेवावा, हे तुम्हाला हवं आहे.

आधी स्पष्ट सांगतो: तुमच्यासमोर एक बग नाही, तीन आहेत, आणि तिघांचं कारण वेगवेगळं आहे. "कुठल्या ओएसवर किती मोठा बफर" या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलात तर एकही नीट सुटणार नाही. विचारायचं ते हे, की तो आकडा मुळात ठरवतो कोण? कधी ती कर्नलची, म्हणजे ओएसच्या गाभ्याची मर्यादा असते, कधी एखाद्या फंक्शनने घातलेली अट असते, आणि बहुतेक वेळा कुणीतरी पूर्वी कधी मनाशी धरलेला अंदाज असतो. अंदाज मोठा केला तरी अंदाजच राहतो. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं काही लक्षणांवरून बांधलेलं आहे. जिथे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं म्हणतो.

मॅकच्या हँगपासून सुरू करू, कारण तो सर्वांत जास्त फसवतो. तुमचा मुख्य प्रोग्रॅम मदतनीस सुरू करतो, तो संपेपर्यंत थांबतो आणि मग पाइप वाचतो, असा क्रम असणार हे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. पाइपमध्ये जागा मर्यादित असते. ती भरली की लिहिणारा थांबतो आणि कुणीतरी वाचून जागा करून देईल याची वाट बघतो. तुमचा मुख्य प्रोग्रॅम मात्र मदतनीस संपायची वाट बघत बसलेला असतो. दोघंही एकमेकांसाठी खोळंबले की जन्मभर खोळंबले.

लिनक्सवर हे दिसत नाही, कारण तिथे पाइपची क्षमता साधारणपणे ६५,५३६ बाइट असते आणि तुमच्या चाचणीतल्या फोल्डरांचं आउटपुट त्यात मावतं. मॅकवर ती १६ केबीपासून सुरू होते आणि गरज पडली तर ६४ केबीपर्यंत वाढू शकते, पण वाढेलच याची हमी नाही. "कधीकधी" या तुमच्या शब्दाचं मूळ तिथे आहे. शिवाय लिनक्सवरही निर्धास्त राहू नका: एकाच युजरने खूप पाइप उघडले तर कर्नल नव्या पाइपला कमी जागा देतं. आणि विंडोजवर उद्या डीएलएलऐवजी मदतनीस आणलात, तर तिथे पाइप बनवणाऱ्या क्रिएटपाइप फंक्शनला आकार शून्य दिल्यावर प्रत्यक्षात ४ केबी मिळतात. तुम्ही आकडा दिलात तरी ती फक्त सूचना मानली जाते.

आता बघा, तुमच्या सहकाऱ्याने वाढवला तो वाचणाऱ्याच्या हातातला बफर. पाइप कर्नलमध्ये आहे. त्याला या बदलाचा पत्ताही नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार झाला.

खात्री करायची तर पुढच्या वेळी हँग झाल्यावर प्रोग्रॅम मारू नका. दोन्ही प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) एलएलडीबी हा डीबगर जोडा आणि कॉल स्टॅक, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फंक्शनमध्ये उभा आहे ते बघा. मुख्य प्रोसेस वेटपीआयडीमध्ये (दुसरा संपायची वाट बघणाऱ्या फंक्शनमध्ये) आणि मदतनीस राइटमध्ये (लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये) उभा दिसला, तर निदान पक्कं. आणखी एक गोष्ट मी नेहमी करतो: मॅकवरचा हँग लिनक्सवर मुद्दाम घडवून आणतो. लिनक्समध्ये एफसीएनटीएल या फंक्शनला एफ_सेटपाइप_एसझेड हा पर्याय देऊन पाइप ४०९६ बाइटपर्यंत छोटा करता येतो. चाचणीत तसं केलंत की कधीकधी दिसणारा बग दर वेळी, पहिल्याच फटक्यात दिसतो. मग दुरुस्ती खरी की खोटी हे मॅक शोधत न फिरता कळतं.

दुरुस्ती अशी: आधी वाचायचं, शेवट येईपर्यंत वाचायचं, आणि मगच मदतनीसाच्या संपण्याची वाट बघायची. स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर असे दोन पाइप असतील तर दोन्ही एकाच वेळी वाचायला हवेत. एक संपवून दुसरा घेतला तर तोच अडकण्याचा प्रकार दुसऱ्या पाइपवर होईल. लिनक्स-मॅकवर त्यासाठी पोल (अनेक पाइपांवर एकदम लक्ष ठेवणारं फंक्शन) वापरता येतं. विंडोजच्या साध्या पाइपवर ते चालत नाही, म्हणून तिन्ही ठिकाणी एकच कोड हवा असेल तर प्रत्येक पाइपला एक थ्रेड (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) देणं मला सर्वांत सोपं वाटतं. मदतनीस सुरू झाल्यावर पाइपचं लिहिण्याचं टोक मुख्य प्रोसेसमध्ये बंद करायला विसरू नका. ते उघडं राहिलं तर फाइलचा शेवट कधीच कळत नाही आणि दुरुस्तीनंतरही हँग तसाच दिसतो. पायथनच्या सबप्रोसेसमध्ये वेटऐवजी कम्युनिकेट वापरा असं जे बजावलेलं असतं, त्यामागे हेच कारण आहे.

विंडोजचा क्रॅश. इथे मराठी नावं हा योगायोग नाही, आणि आपल्याकडच्या लोकांनी तरी हे गणित तोंडपाठ ठेवावं असं मला मनापासून वाटतं. "सातबारा उतारे" हे फोल्डरचं नाव घ्या. यात काना, मात्रा धरून देवनागरीचे १२ कोडपॉइंट (युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) आणि एक मोकळी जागा आहे. विंडोज ते युटीएफ-१६ या साठवण्याच्या पद्धतीत ठेवतं: १३ युनिट, म्हणजे २६ बाइट. तेच युटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत नेलं की देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणून ३७ बाइट होतात. लिनक्स किंवा मॅकवर वाइड कॅरेक्टरमध्ये ठेवलंत तर ५२ बाइट, कारण विंडोजवर वाइड कॅरेक्टर २ बाइटचा आणि तिथे ४ बाइटचा. इंग्रजी नावांनी चाचणी करणाऱ्याला यातला फरक दिसतच नाही, कारण तिथे युटीएफ-८ मध्ये एका अक्षराला एकच बाइट लागतो.

आता तुमच्या कोडमध्ये काय असेल? विंडोजकडून वाइड स्वरूपात (युटीएफ-१६ मध्ये) पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता घेतला, २६० बाइटच्या साध्या कॅरेक्टर बफरमध्ये युटीएफ-८ करून टाकला. २६० हा आकडा मॅक्स_पाथ या विंडोजच्या पाथच्या लांबीच्या जुन्या मर्यादेतून आलेला, पण तो युटीएफ-१६ च्या युनिटचा हिशेब आहे, बाइटचा नाही. शंभरेक देवनागरी कोडपॉइंटचा पाथ आला की २६० बाइट संपले. पुढे दोन शक्यता. वाइडचारटूमल्टीबाइट या रूपांतर करणाऱ्या फंक्शनला बफरचा आकार बरोबर दिला असेल तर ते शून्य परत करतं. तो शून्य कुणी तपासत नाही, आणि अर्धवट बफर पूर्ण स्ट्रिंग समजून पुढे जातो. किंवा आकार चुकीचा दिला असेल, म्हणजे साइझऑफने (आकार बाइटमध्ये सांगणाऱ्या सोयीने) वाइड बफरचे ५२० बाइट मोजून तेच दिले असतील, तर सरळ शेजारच्या मेमरीवर लिहिलं जातं. बफर एक एमबीचा केल्यावर क्रॅश थांबला, पण परत आलेली किंमत अजूनही कुणी तपासत नाही. म्हणून हा बग मिटला आहे असं मी म्हणणार नाही.

बरोबर पद्धत अशी: तेच फंक्शन आधी आउटपुटचा आकार शून्य देऊन बोलवा, ते किती बाइट लागतील ते सांगतं. तेवढी स्टँडर्ड स्ट्रिंग तयार करा आणि दुसऱ्यांदा बोलवा. एक बारकावा ध्यानात असू द्या: इनपुटची लांबी उणे एक दिलीत तर परत आलेल्या आकड्यात शेवटचा शून्य बाइट मोजलेला असतो, खरी लांबी दिलीत तर नसतो. एका बाइटच्या चुका इथून येतात.

मॅक्स_पाथ ही वरची मर्यादा आहे हेही आता धरू नका. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) सेटिंग आणि प्रोग्रॅमसोबतच्या मॅनिफेस्ट फाइलमधली नोंद या दोन्ही असतील तर प्रोग्रॅमला २६० पेक्षा लांब पाथ मिळू शकतात. लिनक्सवरचं ४०९६ आणि मॅकवरचं १०२४ हे पाथ_मॅक्सचे (तिथल्या अशाच मर्यादेचे) आकडेही तसेच. ती एका सिस्टीम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) देता येणाऱ्या पाथची लांबी आहे, डिस्कवर फोल्डरात फोल्डर किती खोल जाऊ शकतात याची नव्हे.

काही मर्यादा मात्र खऱ्या असतात आणि त्या कुठल्याही बफरने सुटत नाहीत. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर एका फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीचे जेमतेम ८५ कोडपॉइंट. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ युटीएफ-१६ युनिट मिळतात. विंडोजवर कुणी "मौजे अमुक येथील गट क्रमांक तमुक" असं शंभर कोडपॉइंटचं नाव ठेवलं, तर ती फाइल लिनक्सवर त्याच नावाने ठेवताच येणार नाही. अशा वेळी नाव गुपचूप कापू नका. वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा की हे नाव इथे फार लांब आहे. कापलेल्या नावांमुळे दोन वेगळे कागद एकाच नावावर येऊन एक पुसला जाणं, हे क्रॅशपेक्षा कितीतरी वाईट.

मॅकवरचा नवा क्रॅश हा तर उपायातूनच आलेला आहे. एक एमबीचा बफर फंक्शनच्या आत साधा ॲरे म्हणून घोषित केला असेल आणि ते फंक्शन वर्कर थ्रेडवर (मुख्य सोडून इतर थ्रेडवर) चालत असेल, तर तो स्टॅकवर, म्हणजे प्रत्येक थ्रेडला मिळणाऱ्या मर्यादित मेमरीत जागा मागतो. मॅकवर मुख्य थ्रेडला ८ एमबी स्टॅक मिळतो, पण बाकीच्या थ्रेडना डीफॉल्ट ५१२ केबीच. लिनक्सवर जीलिबसी ही सी लायब्ररी सहसा प्रत्येक थ्रेडला ८ एमबी देतं, म्हणून तिथे सगळं आलबेल. विंडोजवर डीफॉल्ट १ एमबी असतो, म्हणजे तिथेही हा बफर वर्कर थ्रेडवर गेला तर कोसळणारच. आणि पुढे कुणी तुमचं सॉफ्टवेअर अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये घातलं, तर तिथल्या मसल लायब्ररीत थ्रेडला १२८ केबी असतात. क्रॅश फंक्शनच्या अगदी सुरुवातीलाच, बफरला हात लागायच्या आत होत असेल, तर स्टॅकचाच संशय घ्या. थ्रेडचा स्टॅक वाढवता येतो, पण त्या वाटेने जाऊ नका. मोठा बफर हीपवर (लागेल तशी मागून घेता येणाऱ्या मेमरीत), व्हेक्टर किंवा स्ट्रिंगमध्ये न्या.

"लिनक्सवर क्रॅश होत नाही म्हणजे कोड बरोबर आहे" हा समज या सगळ्याच्या मुळाशी असतो, म्हणून एक जुनं उदाहरण देतो. नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मने (नेटवर्कवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) फिंगर या सेवेतला ५१२ बाइटचा बफर ओलांडून मशीनमध्ये शिरकाव केला. बीएसडी ही ओएस चालवणाऱ्या व्हॅक्स मशीनवर तो यशस्वी झाला; सन कंपनीच्या मशीनवर त्याच हल्ल्याने सेवा नुसती कोसळली. चूक दोन्हीकडे तीच होती. बफर ओलांडल्यावर पुढे काय होतं हे त्या मशीनवर शेजारी काय ठेवलंय त्यावर ठरतं. म्हणून लक्षण ज्या ओएसवर दिसलं, चूक त्याच ओएसच्या कोडमध्ये असेल असं धरू नका.

आता इफडेफबद्दल. ते लागतंच, पण आकड्यांसाठी नव्हे, वागणुकीसाठी. यात एकाच कामाचं उदाहरण घेतो: चालू प्रोग्रॅमचा स्वतःचा पाथ शोधणं. तिन्ही ओएसवर बफर द्यावा लागतो आणि तो कमी पडला तर तिघंही वेगळ्या भाषेत सांगतात. लिनक्सवर तुम्ही प्रॉक फोल्डरमधल्या सेल्फ-एक्सई या लिंकवर रीडलिंक हे फंक्शन चालवता. ते जेवढं मावेल तेवढंच भरतं, कापलंय हे सांगत नाही, आणि शेवटी शून्य बाइटही ठेवत नाही. परत आलेला आकडा बफरच्या आकाराइतकाच असेल तर कापलं गेलंय असं समजून दुप्पट बफर घेऊन पुन्हा विचारायचं. मॅकवर एनएसगेटएक्झिक्युटेबलपाथ उणे एक परत करतं आणि किती लागेल ते तुम्ही दिलेल्या आकाराच्या व्हेरिएबलमध्ये लिहून देतं. विंडोजवर गेटमॉड्यूलफाइलनेम बफरचाच आकार परत करतं आणि 'बफर अपुरा' अशी एरर मागे ठेवतं. तीन वागणुका, तीन छोटी लूप. ती एकाच फाइलमध्ये ठेवा आणि बाहेर फक्त एक फंक्शन दिसू द्या, जे स्टँडर्ड स्ट्रिंग परत करतं किंवा एरर देतं. त्या फाइलबाहेर २६०, १०२४, ४०९६ यातला एकही आकडा दिसला की रिव्ह्यूमध्ये अडवायचा, असा नियम मी ठेवतो.

त्याच ओघात जुन्या हेडर फाइल चाळा. स्निप्रिंटएफ (ठरावीक जागेत मजकूर लिहिणारं फंक्शन) या नावाच्या जागी अंडरस्कोर-स्निप्रिंटएफ घालणारी मॅक्रो कुठे सापडली तर काढून टाका. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधी मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत प्रमाण स्निप्रिंटएफ नव्हतं, म्हणून लोक ही सोय करत. अंडरस्कोरवालं फंक्शन जागा कमी पडली की शेवटचा शून्य बाइट ठेवत नाही आणि किती लागेल तेही सांगत नाही. लिनक्सवर बरोबर असलेला तपासणीचा कोड मग विंडोजवर खोटा ठरतो. मॅकवर लोकल सॉकेट (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना जोडणारी सोय) वापरत असाल तर त्याच्या पाथला १०४ बाइट असतात, लिनक्सवर १०८. आणि मॅकचा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर मुळातच लांबलचक असतो, म्हणून सॉकेटचं नाव छोटं ठेवा.

ठरावीक आकाराचा बफर कधीच वापरू नये असं मात्र मी म्हणत नाही. मायक्रोकंट्रोलरवर हीप नसेल, ऑडिओच्या कॉलबॅकमध्ये (वेळेवर संपायलाच हव्यात अशा फंक्शनमध्ये) मेमरी मागणं परवडत नसेल, किंवा प्रोटोकॉलनेच "हे फील्ड ६४ बाइट" असं ठरवलं असेल, तर ठरावीक बफरच योग्य. फक्त तो आकडा तुमच्या कोडचा असावा, सगळ्या ओएसवर सारखा असावा आणि ओलांडला तर एरर यावी.

यावरून तुमच्या इंडेक्स फाइलकडे येतो, जिच्याबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. तुम्ही म्हणता की प्रत्येक नोंदीचं स्ट्रक्ट जसंच्या तसं फाइलमध्ये लिहिता. त्यात पाथसाठी पाथ_मॅक्स इतका ॲरे असेल तर नोंदीचा आकार लिनक्सवर ४०९६ च्या पुढे, मॅकवर १०२४ च्या पुढे आणि विंडोजवर २६० च्या आसपास होईल. भरीला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार वापरला असेल तर तो ६४-बिट लिनक्स-मॅकवर ८ बाइटचा आणि विंडोजवर ४ बाइटचा. एका ओएसवर बनवलेला इंडेक्स दुसऱ्यावर उघडला की कचरा वाचला जाईल. आणि सहकाऱ्याने वाढवलेल्या आकड्यांत हा ॲरेही आला असेल, तर तुमचे स्वतःचेच जुने इंडेक्स नवीन आवृत्तीला वाचता येणार नाहीत.

चाचणीबाबत मोजकंच सांगतो. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) तिन्ही ओएसवर मिळतो, व्हिज्युअल स्टुडिओतही. तो चालू ठेवून रोजची चाचणी चालवा. वर सांगितलेल्या प्रत्येक लूपमध्ये सुरुवातीचा बफर चाचणीपुरता एक बाइटचा करा, म्हणजे वाढवण्याची वाट दर वेळी चालून होते. लिनक्सवरच वर्कर थ्रेडचा स्टॅक १२८ केबी ठेवून बघा. आणि चाचणीच्या फोल्डरांची नावं मराठीत ठेवा, जोडाक्षरांसकट, चांगली लांब.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा. सहकाऱ्याचा बदल अजून ग्राहकांपर्यंत गेला नसेल तर आजच मागे घ्या, कारण तो इंडेक्स फाइलचं स्वरूप बदलत असण्याची शक्यता आहे. मग पाइप वाचण्याचा क्रम सुधारा, ते एका दिवसाचं काम आहे. त्यानंतर पाथचं रूपांतर एका फाइलमध्ये आणा. इंडेक्सच्या नव्या स्वरूपात सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक, प्रत्येक पाथच्या आधी ठरावीक ४ बाइटांत त्याची लांबी आणि मग तेवढेच युटीएफ-८ बाइट, असं लिहा. जुना इंडेक्स वाचताना तो कुठल्या ओएसवर बनला हे फाइलच्या आकाराला नोंदीच्या संभाव्य आकारांनी भागून बहुतेक वेळा ओळखता येतं. पण ग्राहकांकडे जुने इंडेक्स खरोखर किती आहेत आणि ते मशीन बदलून नेतात का, हे तुम्हालाच माहीत. फारसे नसतील तर ओळखत बसण्यापेक्षा इंडेक्स पुन्हा बनवणं स्वस्त पडेल.